पावणेतेरा इंच

निवडणूक आटोपली, ठाण्यातून हत्यारं घरोघर परतली,
त्यांतलीच एक घेऊन यशराज खलाटे
जिन्सी नाल्यावरच्या माझ्या दुकानाची पायरी चढले.
नळीला मालखान्याची चिठ्ठी सुतळीनं बांधलेली, तशीच.
कुंद्याला मनगटाशी तडा.
(लष्करात आम्ही कुंदा म्हणतो. पुण्याचे पाहुणे दस्ता म्हणतात
आणि जाता जाता आमचं मराठी दुरुस्त करतात.)

"आजोबांची. दाजीसाहेबांची," ते म्हणाले.
"शिवपुरीच्या रानात हिनं सात वाघ घेतले.
तडा सांधा. इंचभर लांबी वाढवा, खांद्याला बसत नाही.
आणि ही उजवीकडची फुगोटी तासून टाका, उगाच मध्ये येते."
मोबाइलवर फोटो दाखवला:
वाघ, वाघावर दाजीसाहेबांचा बूट,
मागं मोटारीच्या सावलीत कुणाच्या तरी पदराचं टोक.

ते गेले. मी दिवा खाली ओढला.

अक्रोड. काश्मिरी, बुंध्याच्या मुळाजवळचा.
रेषा अशा, की चंबळेचं पाणी उतरल्यावर गाळात उरतात.
अळशीचं तेल तळव्यानं जिरवलेलं,
पहिला आठवडा रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला,
मग जन्मभर, वर्षातून एकदा.
ज्या घरात हे तेल थांबतं ते मला वासावरून कळतं.
या घरात थांबून तीसेक वर्षं झाली असावीत.

चापापासून टोकापर्यंत पट्टी धरली.
पावणेतेरा.
दाजीसाहेब सहा फुटी; त्या हाताचं
सव्वाचौदाच्या खाली भागत नाही.
पुन्हा मोजलं.
लाकूड आटतं, पण दीड इंच आटत नाही.
आणि फुगोटी म्हणजे गाल टेकायची जागा,
ती उजवीकडे, म्हणजे नेम धरणारा डावखुरा.
कुंदाही केसभर तिकडेच कललेला.

मागच्या पोलादी पट्टीचे दोन स्क्रू काढले.
आत पेन्सिल. माझ्या आज्याची, विसोबा पांचाळाची, मोडीत.
मला मोडी अर्धीच येते, आकडे मात्र पुरते येतात.
'सगुणाबाईसाहेब. पावणेतेरा. डावा डोळा. गाल बारीक.
संवत १९९८.'

सुताराच्या पोरानं बाईसाहेबांचा हात कसा मोजला असेल?
पडद्याआडून सुतळी आली असेल, दोन गाठी मारलेली.
पण गाल सुतळीत येत नाही.
त्यासाठी कच्चा कुंदा आत गेला असेल,
गालाची पावडर लागून बाहेर आला असेल,
लागली तेवढंच तासून पुन्हा आत.
किती खेपा, ते आज्यानं लिहिलं नाही.
एवढ्या वेळात ती माणसं एकदाही
समोरासमोर आली नसतील,
आणि तरी कानशिलापासून हनुवटीपर्यंत
त्याच्याइतकी ती कुणाला ठाऊक होती?

वाघांबद्दल मी काही बोलत नाही.
डाव्या डोळ्यानं काय, उजव्या डोळ्यानं काय,
मेले ते मेले.
फक्त मचाणावरची ती पहाट डोळ्यांपुढून हलेना:
बाजूला सहा फुटांचा माणूस खोकला दाबत बसलेला,
आणि बांगड्या कोपरापर्यंत सारून, वर रुमाल बांधून
एक डावा हात,
वाजू नयेत म्हणून.

तडा सांधला. सरस, आत पितळेची खीळ.
लांबीला रबराची गादी लावली, काढता येईल अशी.
फुगोटीला हात लावला नाही.
विचारलं तर सांगेन, लाकूड तिथं कच्चं आहे, फुटेल.
चार रात्री तेल दिलं; चौथ्या रात्री त्यानं उजेड धरला.

पट्टी बसवण्याआधी आज्याच्या ओळीखाली
पेन्सिलीनं लिहिलं, देवनागरीत, मला येतं तसं:
'तडा सांधला. माप तेच.'

स्क्रू मात्र जरा हलकेच आवळले.