साखळीचं पंपघर

रुझार निवृत्त होताना
रिलेच्या कपाटाची किल्ली देऊन म्हणाला,
कान उघडे ठेव.

कपाटात त्याच्या चिठ्ठ्या, रोमी कोंकणीत.
अक्षर लावून लावून वाचते मी:
सात नंबर पावसाळ्यात रुसतो.

बाहेर माझा नवा स्क्रीन.
हिरवा पंप, निळी टाकी,
बोट टेकलं की झडप उघडते.

काल रात्री स्क्रीनवर पंप हिरवागार
आणि टाकी जागची हलेना.
कपाटाचं दार उघडून उभी राहिले.
पाच, टक्. सहा, टक्.
मग नुसता वाळवंटीचा आवाज.

कॉन्टॅक्ट घासला पॉलिशपेपरने, हळू,
रुझार घासायचा तसा.

आता पीएलसीवरही एक चिठ्ठी आहे, माझ्या अक्षरात:
हा दिलेला हुकूम दाखवतो,
झालेलं काम नाही.
सातला विचार.