पानाची मागची बाजू

तीन कॉलेजं बघायची होती
आणि आक्कानं डब्यात, भाकरीच्या शेजारी,
ओल्या फडक्यात गुंडाळून
द्राक्षाचं एक पान घेतलं.
कडेनं करपलेलं, आमच्याच वीस गुंठ्यातलं.
मी म्हटलं, अगं, ॲडमिशनला मार्कलिस्ट लागते.
म्हणाली, ती तुझी. ही त्यांची.

मणेराजुरीच्या शेडात बेदाणा निवडते ती.
हिरवा, पिवळा, काळा, देठ राहिलेला,
डोळ्याआधी तिची बोटं सांगतात.
आदल्या रात्री बॉक्सच्या पुठ्ठ्यावर
तिनं माझी चार वर्षं मांडली होती:
फी, मेस, एसटीचा पास, पांढरा कोट,
सगळ्यात खाली 'इतर', आणि त्यापुढं काहीच नाही.
त्या कोऱ्या जागेचीच तिला भीती.

पहिलं कॉलेज काचेचं.
दारात प्लास्टिकचा पाम,
पुस्तिकेचा कागद इतका गुळगुळीत
की आक्काच्या बोटांना धरवेना.
फी विचारली. क्लार्कनं इकडंतिकडं बघून आवाज उतरवला,
हळदीच्या सौद्यात रुमालाखाली बोटं दाबायचे तसा.
पान दाखवलं, तर म्हणाला,
मावशी, कचऱ्याचा डबा बाहेर आहे.

दुसरं स्वस्त. फारच स्वस्त.
सर भले, बसा म्हणाले, चहा मागवला,
पानाकडं टेबलापलीकडूनच बघितलं. "दावण्या."
आणि एका दमात तीन औषधं,
दुकानाच्या पत्त्यासकट.
मागं पाटी होती, 'प्रात्यक्षिक क्षेत्र', ताजी रंगवलेली.
पाटीमागं कमरेएवढं गाजरगवत.
फाटकाचं कुलूप आक्कानं हातात घेऊन बघितलं.
गंज बोटाला लागला,
तो तिनं माझ्या फाइलला पुसला.

तिसरं कृष्णेपलीकडं,
फाट्यापासून अर्धा तास पायी, उसाच्या मधनं.
लॅब पत्र्याची, गळतीखाली बादली,
बादलीत कुणीतरी मुळं फुटायला लावलेल्या काड्या.
आक्कानं खताच्या ढिगात मनगटापर्यंत हात घातला.
"गरम हाय," म्हणाली.
मला लाज वाटली. भूकही लागली होती.

नर्सरीत एक मुलगा पिशव्या भरत होता,
रमीझ मुल्ला, दुसरं वर्ष, नखं काळी.
त्यानं पान घेतलं
आणि आधी
उलटं केलं.

दिवसभरात कुणी केलं नव्हतं ते.

"खाली पांढरी बुरशी नाही. दावण्या वाटत नाही.
कधी फवारलं? ऊन होतं?
किती लिटरला किती घातलं?"
आक्का माझ्याकडं बघायला लागली.
बॅरलात औषध मीच ढवळलं होतं,
कानाला मोबाइल लावून, झाकणानं मापून,
दोन झाकणं. नाहीतर तीन.
"पण नक्की माहीत नाही मला," तो म्हणाला,
"मॅडमना दाखवतो, फोन करतो. पान ठेवून जा."

परतीच्या एसटीत मी म्हटलं,
त्याला तर उत्तरच आलं नाही.
"म्हणून तर," आक्का म्हणाली
आणि खिडकीच्या गजाला डोकं टेकून झोपली,
तासगाव येईपर्यंत.

फोन चौथ्या दिवशी आला.
झाकणं तीनच होती.
मी हूं हूं करत ऐकलं, आक्का दारात उभी,
काहीच न विचारता.

फॉर्मवर पहिल्या पसंतीचा रकाना भरलाय.
यादीत नाव येईल का, ठाऊक नाही.
मेसचा आकडा पुठ्ठ्यावर अजून जुळत नाही,
आक्का रोज खोडते, रोज लिहिते.
त्या कॉलेजची पुस्तिका म्हणजे साधी झेरॉक्स,
एकाच बाजूला छापलेली.
मागच्या कोऱ्या बाजूला
मी लिहून ठेवलंय,
किती लिटरला किती.