खांबामागे

पाहुण्यांना पूर्वेची बाकं. समोर खांब,
त्यावर कुणीतरी चुन्यानं लिहिलेलं: गडहिंग्लज परत जा.
चार वाजून गेले तरी सिमेंट तापलेलं.
बुडाखाली चादर, माझ्याच माहेरच्या मागावरची.

तिकीट फाडणारा यन्नम शाळेत माझ्या पुढच्या बाकावर होता.
ओळखलं नाही त्यानं. "अलीकडे सरका, बाई."
अलीकडे सरकलं की कॉर्नरचा झेंडा,
पलीकडे सरकलं की मधली रेघ.
या बाजूचा गोल कुठूनच नाही.
आणि त्याच गोलात माझा भार्गव.

मग ऐकत बसले.
तेलुगूत शिवी, कन्नडात टोमणा, मराठीत "घाल, घाल";
तिन्ही कळतात, हीच पंचाईत.
पेनल्टी. सगळं मैदान गप्प.
मग हजार तोंडांतून एकच "आरारारा".
अडवला असणार.
आमची पोरं खांबालाच मिठी मारून नाचली.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या.
आता तो पुरता दिसला, बुटांपासून टोपीपर्यंत.
चेंडू मात्र तिकडेच राहिला, खांबाआड.
चाळीस मिनिटं त्यानं काहीच केलं नाही.
गुडघा खाजवला, मोजा वर ओढला,
एकदा बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं.

मी नजर हलवली नाही.
निकाल बसमध्ये कळला.