ढवळायचं नाही

पॅकिंग शेडमधून व्हर्लीननं आणलेत
डागाळलेले, पेटीत न बसलेले पीच.
उकळत्या पाण्यातून काढले की साल सुटते;
लव मात्र मनगटाला खाजत राहते रात्रभर.

बिडाच्या खोलगट तव्यात लोणी तडतडलं.
त्यावर सैलसर पीठ, पिठावर फोडी,
जायफळ नाकाच्या अंदाजानं.
आता ढवळायचं नाही.
आई एवढंच बजावायची,
मापं तिलाही ठाऊक नव्हती.

बाहेर जॉर्जियाचं ऊन, सात वाजले तरी उतरेना.
पोर्चवर लिनवुड, अकरा वर्षांनी,
तुरुंगानं दिलेल्या बुटांत.
बस वेळेवर होती का,
एवढं विचारून झालंय.

ओव्हनमध्ये तळाचं पीठ
फोडींच्या फटींतून वर येतं,
झाकू बघतं त्यांना, पुरतं झाकत नाही.
कडेचा रस उतू जाऊन काळा पडतो.

ती वाढते मधला भाग, मऊ, वाफाळता.
तो बशीकडे बघत राहतो.
"खरवड आहे का गं?"

ती अख्खा तवाच ठेवते त्याच्यापुढं,
खाली दुमडलेला टॉवेल.

मग बराच वेळ घरात
लोखंडावर चमचा.