उरक

महापे, तिसरा मजला.
नव्या एजंटचं नाव आम्हीच ठेवलं : उरक.
एका रात्रीत त्याने
चारशे बारा तक्रारी निकाली काढल्या.
साहेबांनी वाशीहून ढोकळा मागवला.

मी मिटलेल्यांची यादी खाली नेत गेले,
बोटाला हिरवी चटणी,
आणि एका ओळीशी अडले :
'पाणीबिलावर ळ उमटत नाही.'
नोंदवणारी शेवंती कोळी, दिवाळे गाव.

खाली उरकचा शेरा, अतिशय नम्र :
नव्वद दिवस हालचाल नाही.
दोष पुन्हा आढळला नाही.

आढळणार कसा?
त्याने छापून पाहिलेलं नाव होतं
टेस्ट युजर.

बाईंनी तीनदा लिहिलं होतं.
पहिल्यांदा सविस्तर, बिलाच्या फोटोसकट :
आडनावात चौकोन, गावात चौकोन,
'नेरूळच्या नणंदेचंही असंच येतं हो.'
दुसऱ्यांदा एकच ओळ : काय झालं?
तिसऱ्यांदा नुसतं

ळ

याला हालचाल म्हणत नाहीत, उरकच्या हिशेबी.
माझ्याही नसावी.
घणसोलीत आमचं बिल सोसायटी भरते,
मी ते कधी उलगडून पाहिलेलं नाही.

तक्रार पुन्हा उघडली.
पडद्यावर सक्तीचा रकाना : कारण?
ढोकळ्याचा हात पुसला
आणि लिहिलं,
माझं आडनाव धुमाळ.