साईडपट्टी

परभणीच्या आरटीओत, कॉम्प्युटरसमोर,
सेहेचाळिसाव्या वर्षी बसलो परीक्षेला.
प्रश्न आला: अरुंद पुलावर समोरून वाहन आल्यास
पहिला हक्क कोणाचा?
पर्याय तीन.
'ज्याचं टायर मोठं त्याचा' हा त्यात नव्हताच.

तेवीस वर्षं सेलू–पाथरी रस्त्याला सायकलवर मी,
बँकेचा शिपाई, कॅरिअरला टपालाची थैली.
नियम एकच पाठ:
मागून हॉर्न वाजला की खाली.
डांबर संपतं तिथं वीतभर उतार,
पुढं काळी माती. उन्हाळ्यात भेगा,
पावसाळ्यात मडगार्डात अशी ठासून बसते
की काडीनं कोरून काढावी लागते.
उतरताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही,
हँडल सरळ, बूड उचलून.
हे कुठल्या पुस्तकात नाही.

एकदाच नाही उतरलो.
ऊस खाली करून परतणारा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या,
गाणं फुल्ल.
मनात आलं, डांबर आपलंबी आहेच की.
डाव्या कोपरात ते डांबर अजून आहे,
निळसर, गोंदल्यासारखं.

पंधरापैकी सात.
खिडकीतली बाई म्हणली, "काका, पुस्तक वाचून या."
वाचलं.
सायकलस्वाराला ओलांडताना पुरेसं अंतर ठेवावे,
असं छापलेलं होतं.
बायकोला हाक मारून दाखवलं.
"मग तेवीस वर्षं कोण वाचत नव्हतं?" म्हणली ती,
आणि कुकर बघायला गेली.

दुसऱ्या खेपेला चौदा.

साडू लिंबाजीची जुनी मारुती, पहिलाच आठवडा,
तोच रस्ता, ओढ्यावरचा फरशी पूल जवळ आलेला.
पुढं शाळेची पोरगी सायकलवर,
मागं धाकटा भाऊ, दातानं उसाचं कांडं सोलत.
पुस्तक आठवत होतं मला, शब्दन् शब्द.
हात त्याच्या आधी गेला हॉर्नवर.

तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.
भावाला काही म्हणली, त्यानं पाय वर घेतले.
हँडल सरळ. बूड उचललं.
पुढचा ब्रेक दाबला नाही.

पुलापुढं थांबलो.
काच खाली केली, काय म्हणावं ते सुचेना.
ती खालूनच निघून गेली, मातीतून,
भावानं चोथा थुंकला तो बॉनेटपासून हातभर लांब.

तेवढ्यात मागून ट्रकनं हॉर्न दिला.
डाव्या बाजूची दोन चाकं आधी खाली घेतली,
आरशात बघितलं ते नंतर.