ठसा

सावलीच्या फाट्याअलीकडे, बोरीखाली
तीन पाळिये. मधल्याचा घोडा
मानेपासून झिजलेला.
ओला कागद दाबून बसवला,
बोळ्याने शाई टिपत गेलो:
आधी सूर्य-चंद्र, मग भाला,
चेहऱ्याच्या जागी नुसती खरखर.

जीवीबेन शेंदराची वाटी घेऊन उभ्या.
नाव काय यांचं?
"नाम तो गयुं. दिवस राहिलाय. काळी चौदस."
मग कागदावर बोट टेकवून:
"नेतोस तर ने.
उपाशी ठेवू नको."

मांडवीतला फ्रेमवाला म्हणाला,
हा शेंदरी डाग कापून टाकतो.
नको म्हटलं.

प्रदर्शनाला द्यायचा होता, राहिला भिंतीवरच.
चौदशीला खालच्या दुकानातून
नारळ आणतो,
आणि खोलीभर शोधत बसतो
फोडायला दगड.